ओठ पुढे, शब्द मागे? वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज घेताना या चुका टाळा

कीर्तन किंवा मैफल टिपताना चित्र कॅमेऱ्यावर आणि आवाज पोर्टेबल रेकॉर्डरवर घेतला, की एडिटिंगला बसल्यावर दोन्ही जुळवावे लागतात. जुळत नसेल तर ट्रॅक सरकवत बसण्याआधी एवढंच बघा: फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा आहे, हळूहळू वाढतोय, की मध्येच उडी मारतोय?

फरक सारखाच

सॉफ्टवेअरच्या ऑटो सिंकवर, म्हणजे दोन्ही आवाज आपोआप जुळवण्याच्या सोयीवर, डोळे मिटून विसंबणं, ही इथली नेहमीची चूक. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. कॅमेरा वीस मीटर मागे असेल तर त्याच्या माइकपर्यंत आवाज 58 मिलिसेकंद उशिरा पोचतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, म्हणजे जवळपास दीड फ्रेम. सॉफ्टवेअर तुमचा स्वच्छ आवाज या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवतं, आणि तोही चित्राच्या मागे पडतो.

म्हणून रेकॉर्डरच्या माइकजवळ उभं राहून, कॅमेऱ्याला दिसेल अशी एकच कडक टाळी वाजवा. तळवे भेटतात त्या फ्रेमवर रेकॉर्डरच्या ट्रॅकमधलं टाळीचं टोक ठेवा आणि कॅमेऱ्याचा आवाज बंद करा. टाळी राहून गेली असेल तर टाळ एकमेकांवर आदळतात ती फ्रेम शोधा. तबल्याच्या थापेपेक्षा ती नेमकी सापडते.

फरक वाढत जातो

प्रत्येक यंत्राचं घड्याळ स्वतंत्र. दोन्हींत दहा लाखांत 20 एवढी चूक असेल आणि ती उलट दिशांना असेल, तर तासाभरात 144 मिलिसेकंद, म्हणजे साडेतीन फ्रेमचा फरक पडतो. शेवटीही टाळी घ्या. दोन टाळ्यांमधलं अंतर कॅमेऱ्यात 3600 सेकंद आणि रेकॉर्डरमध्ये 3600.144 भरलं, तर आवाजाची लांबी 0.004 टक्क्यांनी कमी करा. इतक्या फरकाने सूर बदललेला कानाला कळत नाही. सॉफ्टवेअर इतका बारीक आकडा घेत नसेल, तर दर पंधरा मिनिटांनी निरूपणातल्या विरामात कापून एक फ्रेम सरकवा. गाण्याच्या मधोमध मात्र कापू नका, ठेका तुटतो.

टाइमकोड, म्हणजे फाइलवरचा वेळेचा शिक्का, आहे म्हणून निर्धास्त राहू नका. अनेक यंत्रांत तो फाइलच्या सुरुवातीची वेळ फक्त नोंदवतो, घड्याळ बांधून ठेवत नाही.

तासामागे मिनिटांचा फरक पडत असेल तर सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले, तो तपासा. 44.1 किलोहर्ट्‌झची फाइल 48 ची समजून वाजली, की तासाचं कीर्तन 55 मिनिटांत संपतं आणि पट्टी पाऊण स्वराने चढते. सुरुवातीलाच 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, वेव्ह फाइल ठेवा.

मध्येच उडी

मोबाइलने चित्रीकरण केलं असेल तर आधी फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम टिपल्या यावर, संशय घ्या. बहुतेक फोन तो कमीजास्त करत राहतात. एडिटिंगआधी हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेमरेट निवडून फाइल बदलून घ्या. कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला असेल, तर प्रत्येक क्लिपला नवी टाळी हवी. रेकॉर्डर मात्र सलग चालू ठेवा.

आणि रेकॉर्डचं बटण: अनेक रेकॉर्डरवर पहिल्या दाबाला दिवा नुसता लुकलुकतो, लेव्हल हलते, पण काहीच साठत नाही. दुसऱ्यांदा दाबा, दिवा स्थिर झाला आणि वेळेचे आकडे पुढे सरकताहेत हे बघा, मगच टाळी वाजवा.