कोकणात घर बांधताय? कौलं की पत्रा ठरवताना या चुका टाळा

मे महिना अर्धा सरलेला असतो, भिंती माथ्यापर्यंत आलेल्या असतात, आभाळ भरून यायला लागतं आणि मग घरात चर्चा सुरू होते: वर कौलं घालायची की पत्रा? रत्नागिरी जिल्ह्यात आमचं घर बांधताना आम्हीही हेच केलं. पत्र्याच्या हिशेबाने कमी उताराची भिंताडं, म्हणजे छपराच्या टोकांच्या त्रिकोणी भिंती, उचलून झाली होती. ऐनवेळी सगळ्यांना जुन्या घराची आठवण झाली आणि आम्ही कौलं चढवली. पहिल्याच पावसाळ्यात, वारा समोरून असला की, पाणी कौलाखालून उलटं चढून माजघरात यायचं. कौलं चांगली होती आणि सुतारही चांगला होता. चूक होती ती उताराची, आणि भिंती उभ्या राहिल्यावर उतार बदलता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही की छपराचा निर्णय चौथरा बांधायच्या आधी घ्या. मंगलोरी कौलांना कोकणातल्या पावसात ३० अंशांच्या आसपास उतार हवा. घर आठ मीटर रुंद असेल, तर आढं, म्हणजे छपराचा सर्वांत वरचा कणा, भिंतीच्या माथ्यापासून सुमारे २.३ मीटर वर जातं. पत्र्याला १५ अंशांतही भागतं, तेव्हा आढं जेमतेम एक मीटर वर असतं. म्हणजे भिंताडाचे चिरे, लाकूड किंवा लोखंड, माळ्याची उंची आणि घराचं रूप हे सगळं या एका आकड्यावर फिरतं.

दुसरा आकडा वजनाचा. मंगलोरी कौल साधारण अडीच ते तीन किलोचं असतं आणि चौरस मीटरला पंधरा लागतात, म्हणजे ३८ ते ४५ किलो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर कोरडी कौलंच चार टनांच्या आसपास जातात आणि आषाढात भिजली की आणखी जड होतात. त्याच छपराला अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा अर्ध्या टनात बसतो. त्यामुळे ‘आता पत्रा टाकू, पैसे आले की कौलं चढवू’ असं ठरवत असाल, तर सांगाडा पहिल्या दिवसापासून कौलांच्या वजनाचा करा. पत्र्यासाठी उभारलेल्या हलक्या पाइपांवर कौलं चढवलेली घरं मी पाहिली आहेत. दोन-तीन वर्षांत पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, मधे बसतं, रांगा वाकतात, कौलांचे खाचे एकमेकांतून सुटतात आणि गळती सुरू होते. मग लोक कौलांना दोष देतात.

घरात ज्येष्ठ-आषाढात कोण असणार?

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे हा प्रश्न न विचारणं. कौलारू छप्पर दर वर्षी माणूस मागतं. पावसाआधी कौलं परतायची, फुटकी बदलायची, दोन पाखं मिळतात त्या दरीतला पालापाचोळा काढायचा. आमच्या आजोबांच्या वेळी वैशाखात शाकारणी ठरलेली असे आणि घरात वर चढणारे चारजण असत. आज बरीच घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतात. बंद घरात जूनमध्ये एक कौल सरकलं, तर गणपतीपर्यंत त्यातून पाणी गळत राहतं. तोवर खालचा वासा कुजायला लागलेला असतो आणि ओल्या भिंतीतून वाळवी वर चढलेली असते. एका कौलापायी वासा जातो.

त्यात वानरं. आंबा किंवा फणस घराला लागून असेल, तर कळप छपरावर उड्या मारणारच, आणि उडी जिथे पडते तिथलं कौल तडकतं. आमच्या वाडीत कौलं उतरवून पत्रा घालणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी ते वानरांपायी केलं. त्यांना ‘कोकणपण घालवलंत’ म्हणून बोलणाऱ्यांनी एकदा जुलैत, शेवाळलेल्या पाखावर चढून फुटकं कौल बदलून बघावं.

घरात बारमाही माणूस असेल, गावात कौलं परतणारा सुतार असेल आणि झाडं अंतरावर असतील, तर मी कौलंच घालीन. यातली दोन उत्तरं ‘नाही’ आली, तर चांगला पत्रा घाला आणि त्याबद्दल मनाला लावून घेऊ नका.

पत्रा उडतो तो सांगाड्यासकट

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० च्या वाऱ्याचा दाब हिशेबाने चौरस मीटरला सत्तर किलोच्या घरात जातो, आणि उताराच्या छपरावर तो बराचसा वर ओढणारा असतो. पागोळ्यांच्या कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ ही ओढ सर्वांत जास्त. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाच किलोसुद्धा नाही. म्हणजे त्याला जागेवर धरून ठेवतात ते स्क्रू आणि खालची बांधणी. कौलं वजनाने बसून राहतात आणि त्यांच्या फटींतून हवा निघून जाते, त्यामुळे सगळं छप्पर एकदम उचललं जाणं अवघड. त्यांचं नुकसान कडेच्या रांगांपासून सुरू होतं.

पत्रा घालणारे बहुतेकजण स्क्रू मोजतात, पण कैची, म्हणजे छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट, भिंतीला कशाने धरली आहे ते बघत नाहीत. जांभ्याच्या सुट्या चिऱ्यांवर कैची नुसती ठेवून बाजूने सिमेंट थापलं असेल, तर पत्रे घट्ट असूनही सगळा सांगाडा एकत्र उचलला जातो. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा घाला, त्यात काँक्रीट ओततानाच बोल्ट सोडा आणि कैचीचं पाऊल त्या बोल्टांना आवळा. नंतर ड्रिल मारून बसवलेला बोल्ट जांभ्यात धरत नाही. कडेच्या दोन-तीन ओळींत स्क्रूंची संख्या मधल्या भागाच्या दुप्पट ठेवा. कौलांनाही हे लागू आहे: मंगलोरी कौलाच्या मागे तार ओवायला भोक असलेला कान असतो तो उगाच नसतो. पागोळीकडच्या आणि भिंताडाकडच्या रांगा तारेने रिपेला, म्हणजे कौलं टेकतात त्या आडव्या पट्टीला, बांधून घ्या.

पत्रा विकत घेताना

दुकानात जाडी विचारली की ‘पॉइंट फिफ्टी’ म्हणतात. ती रंग आणि मुलामा धरून एकूण जाडी आहे की नुसत्या पोलादाची, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. एकूण ०.५० मिमी म्हणजे आतलं पोलाद ०.४५ च्या आसपास असतं. मुलाम्याचाही आकडा असतो. गॅल्व्हल्यूमच्या, म्हणजे अॅल्युमिनियम-जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्यावर ‘एझेड १५०’ असं असेल, तर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा आहे. रंग कितीही झळझळीत असो, गंजापासून वाचवतो तो हा मुलामा. घर अगदी समुद्राकाठी, खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर असेल, तर पोलादाच्या नादी न लागता अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा भाव काढा. महाग पडतो, पण तिथे तोच टिकतो. सिमेंटचा पत्रा स्वस्त म्हणून राहत्या घरावर घालू नका. तो ठिसूळ असतो, पाय पडला की माणूस खाली जातो, आणि त्यात अॅस्बेस्टॉस असेल तर कापताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते.

मग बसवणारे येतात आणि चांगला पत्रा दोन दिवसांत बिघडवतात. ग्राइंडरने पत्रा कापला की तापलेले लोखंडी कण रंगात रुततात आणि पहिल्याच पावसात तिथे तांबूस ठिपके येतात. कातरीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या हत्याराने) कापायला सांगा, आणि संध्याकाळी पाखं झाडून घ्या, भोकं पाडताना पडलेला कीसही तसाच गंजतो. पत्रा भिंतीला भिडतो तिथे ओलं सिमेंट थेट मुलाम्यावर थापू नका, त्यातला क्षार मुलामा खातो. भिंतीत खाच घेऊन वरून पत्र्याची पट्टी वळवा.

स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर घ्या, पाणी वाहतं त्या खोलगटात नको. रबरी वॉशर जरासा दबेल इतकाच आवळा. जोरात आवळला की उंचवटा चेपतो, वॉशर फाटतो आणि तिथेच पाणी साचतं. शिवाय पत्रा उन्हात वाढतो. सहा मीटरचा पत्रा ४० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिमी लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. हे रोज होतं, म्हणून काही वर्षांनी स्क्रूंची भोकं सैल होतात. पाचेक वर्षांनी एकदा सगळे स्क्रू तपासायचे, हे पत्र्याचं शाकारणं समजा.

कौलं येण्याआधी रिपा मारू नका

हे आमच्या सुताराचं वाक्य आणि ते शंभर टक्के खरं. दोन रिपांमधलं अंतर साधारण ३२ सेंटीमीटर असतं, पण प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा वेगळा. आलेल्या मालातली दहा-बारा कौलं जमिनीवर लावून अंतर मोजा आणि मगच खिळे मारा. एक सेंटीमीटरची चूक वीस रांगांत अर्ध्याहून जास्त कौलाएवढी होते.

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ही खाचेची कौलं सगळ्या किनाऱ्यावर पसरली. जुन्या घरांवरची कौलं अजून खणखणीत असतात, म्हणून पाडलेल्या घरांची विकत घ्यायचा मोह होतो. घ्या, पण पाठीवरचा शिक्का बघून एकाच साच्याची घ्या. दोन साच्यांचे खाचे एकमेकांत बसत नाहीत. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. बद्द आवाज आला तर ते तडकलेलं किंवा कच्चं भाजलेलं असतं.

हल्ली खाली पत्रा आणि वर शोभेला कौलं अशी पद्धत आली आहे. गळतीची काळजी आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात, खर्च मात्र दोन्हींचा. यात चूक होते ती रिपा आडव्या थेट पत्र्यावर ठोकण्याची. कौलांतून झिरपलेलं पाणी आणि कचरा प्रत्येक रिपेमागे अडतो, लाकूड कुजतं, पत्रा गंजतो. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या घ्या आणि त्यांवर आडव्या रिपा, म्हणजे पाणी खालून मोकळं वाहून जाईल.

गळतंय, पण कुठून?

कौलांत ठिबक दिसते त्याच्या वर भोक नसतं. पाणी वाशावरून बरंच खाली वाहत येऊन मग टपकतं. माळ्यावर जा, ओला वासा आढ्याच्या दिशेने वर शोधत जा. पाणी फक्त समोरच्या वाऱ्यातच येत असेल, तर कारण उतार किंवा सरकलेली रांग. पत्र्यात आधी स्क्रूंचे वॉशर, मग दोन पत्र्यांचा उभा जोड, मग भिंतीकडची पट्टी बघा. आणि थंडीत, पावसाचा थेंब नसताना पहाटे पत्र्यावरून पाणी ठिबकलं तर छप्पर गळत नाहीये. घरातली दमट हवा थंड पत्र्याला लागून घाम धरते. सिलिकॉन थापून ते थांबणार नाही. आढ्याजवळ हवा बाहेर जायला वाट ठेवा किंवा पत्र्याखाली उष्णतारोधक थर घ्या. उन्हाळ्यातली काहिली आणि पावसाचा ताशासारखा आवाजही त्याने बराच कमी होतो, तेव्हा हा खर्च सुरुवातीलाच धरा.

काम संपल्यावर सुताराचा हिशेब पुरा करण्याआधी त्याच साच्याची पन्नासेक कौलं आणि आढ्याची चार-पाच वळचणीखाली उभी रचून घ्या. पत्रा असेल तर त्याच लॉटचा एक जास्तीचा पत्रा आणि पिशवीभर स्क्रू माळ्यावर कोरड्यात ठेवा. दहा वर्षांनी तो रंग आणि तो साचा बाजारात मिळेलच असं नाही.