गुस्तार समजायला इंग्रजीचा वळसा कशाला?

आपल्याकडे स्पॅनिशचे बहुतेक वर्ग इंग्रजीतून चालतात. मीही तशीच शिकले. ए-टू या प्राथमिक पातळीपर्यंत ते निभावतं, पुढच्या बी-वनला गाडी अडते. माझं स्पष्ट मत आहे की यातली निम्मी अडचण मधल्या इंग्रजीमुळे होते. व्याकरणाच्या वहीत इंग्रजी अर्थाशेजारी मराठी वाक्य लिहायला लागा, फरक दिसेल.

गुस्तार, म्हणजे 'आवडणे' हे क्रियापदच घ्या. 'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य इंग्रजीतून समजावताना 'कॉफी मला सुखावते' अशी कसरत करावी लागते. मराठीत सरळ 'मला कॉफी आवडते'. पुस्तकं आली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', म्हणजे 'मला पुस्तकं आवडतात'. क्रियापद माणसाला विचारतच नाही, वस्तू एक की अनेक एवढंच बघतं. 'से मे कायो एल बासो' हेही आपल्या ओळखीचं: 'माझ्या हातून ग्लास पडला'. अंगावर न घेता कबुली देण्याची ही सोय दोन्ही भाषांनी करून ठेवली आहे!

माणसाच्या आधी येणारा 'आ' इंग्रजीत नाहीच, म्हणून तो नियम पाठ करायला लावतात. पण आपण 'घर बघते' म्हणतो आणि 'मारियाला बघते' म्हणतो. तसंच 'बेओ ला कासा' आणि 'बेओ आ मारिया'. साम्य याहून खोल आहे. 'इंग्रजी बोलणारा डॉक्टर शोधतेय' म्हटलं तर कुणीही चालेल. 'त्या डॉक्टरांना शोधतेय' म्हटलं की माणूस ठरलेला. स्पॅनिशमध्येही कुणीही चालणार असेल तेव्हा 'आ' सहसा गळतो.

चालू राहिलेल्या किंवा सवयीच्या गोष्टीला भूतकाळाचं एक रूप, होऊन संपलेल्या गोष्टीला दुसरं. त्यासाठी शाळेतला रीती भूतकाळ आठवा. 'लहानपणी सेव्हियाला राहायचे' इथे 'बिबीआ'; 'दोन वर्षं राहिले' इथे 'बिबी'. 'साबीआ' म्हणजे माहीत होतं, 'सुपे' म्हणजे कळलं. 'कोनोसीआ' म्हणजे ओळखत होते, 'कोनोसी' म्हणजे ओळख झाली. एक सापळा मात्र आहे. मराठीत 'तिथे दोन वर्षं राहत होते' हेही चालतं. स्पॅनिशमध्ये मुदत सांगितली आणि ती संपली, की 'बिबी'च.

सुबहुंतिबो म्हणजे इच्छा, शंका किंवा अजून न घडलेल्या गोष्टीसाठीचं क्रियापदाचं रूप. त्याची भीती सर्वांत जास्त, आणि आपल्याला ती सर्वांत कमी असायला हवी. 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं'. हा आपला विध्यर्थ. 'तो येतो तेव्हा फुलं आणतो' ही सवय, तिथे 'कुआंदो बिएने'. 'तो आला की कळवते' यात येणं अजून व्हायचंय, तिथे 'कुआंदो बेंगा'. मराठीतही दोन्हीकडे रूप बदललंच ना? पुढे मात्र ही मदत संपते. 'तो आजारी आहे असं मला वाटत नाही' यात आपण बिनदिक्कत 'आहे' म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'नो क्रेओ के' आलं की 'एस्ता'चं 'एस्ते' करावंच लागतं. ही नकाराची वाक्यं वेगळी घोटून घ्या.

सेर आणि एस्तार ही 'असणे'ची दोन क्रियापदं मात्र मराठीलाही दाद देत नाहीत, दोन्हीला आपलं एकच 'आहे'. 'कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार' हा नियम लवकर विसरलेला बरा. मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात. मरणापेक्षा कायमचं आणखी काय असतं? मला उपयोगी पडलेली खूण अशी: मराठीत '-लेला' येतो तिथे बहुतेक वेळा एस्तार येतो. दमलेला, बसलेला, तुटलेला, मेलेला. 'एस आबुर्रिदो' म्हणजे कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे कंटाळलेला. ठिकाण सांगताना वस्तूला एस्तार, पण समारंभाला सेर: 'ला फिएस्ता एस एन मि कासा'. परीक्षेत यावर हमखास बोट ठेवतात.

पोर आणि पारा या शब्दयोगी अव्ययांसारख्या शब्दांच्या वापराच्या लांबलचक याद्या पाठ करू नका. पारा म्हणजे 'साठी' आणि पोर म्हणजे 'मुळे' एवढ्यावर सुरुवात होते, बाकीचं वाचनातून येतं. 'बोसोत्रोस', म्हणजे अनौपचारिक 'तुम्ही' (अनेकवचन), याची रूपं स्पेनबाहेर फारशी चालत नाहीत. डेले या स्पॅनिशच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या उताऱ्यांत ती दिसतात, म्हणून ओळखता यायला हवीत. पण कामाचे फोन मेक्सिकोला किंवा कोलंबियाला होणार असतील, तर तो वेळ तिथल्या 'तुम्ही'वर, म्हणजे 'उस्तेदेस'वर घालवा.