'पण' आणि 'कारण'

डिचोलीकडच्या एका शाळेत नववीला मराठी शिकवतो. 'आपले मत मांडा' म्हटलं की मुलं घोषणाच लिहायची: 'प्लास्टिक वाईट आहे, ते बंद झालंच पाहिजे.' का? तर वाईट आहे म्हणून! समासात लाल शाईने 'कारण?' लिहून लिहून मी थकलो.

मग गोव्याचा 1967 चा जनमत कौल वर्गात आणला. 16 जानेवारीचं मतदान. फुलावर शिक्का म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांवर म्हणजे वेगळा संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश). संघप्रदेश 34,021 मतांनी जिंकला. मुलांना म्हटलं, घरातले मोठे ज्या बाजूचे असतील, त्याच्या उलट बाजूने लिहा. (दोन आजोबांचे फोन आले, ते असो.)

एका मुलीने लिहिलं: 'दोन्हीकडे मराठी आहे हे खरं, पण तेवढ्याने सरकार एकच हवं असं नाही, कारण पणजीच्या कचेरीत जाऊन माणूस जेवायला घरी येतो, मुंबईला जायला अख्खी रात्र लागते.' समोरच्याचं मान्य, मग 'पण', मग 'कारण', आणि वर जेवायला परतणारा माणूस! ते वाक्य आठवडाभर फळ्यावरून पुसू दिलं नाही.

आता प्लास्टिकवरच्या परिच्छेदात म्हापशाच्या बाजारातली मासेवाली येते. शेवटचं वाक्य मात्र अजूनही घोषणाच असते.