कुंडीतला ताण मोजताना या चुका टाळा

पिकांच्या ताणाचा, म्हणजे मुख्यतः पाणी कमी पडल्यावर पिकाचे काय होते याचा, अभ्यास करण्यासाठी असलेली एक सामाईक सुविधा मी मराठवाड्यात बरीच वर्षे सांभाळतो आहे. विद्यार्थी दरवर्षी नवे येतात, चुका मात्र त्याच असतात आणि तक्रारही तीच असते की यंत्र चुकीचे आकडे दाखवते. यंत्र खरोखरच चुकल्याचे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील.

सर्वांत महागात पडणारी चूक काळ्या मातीच्या कुंडीत होते. आपली माती वाळली की आकसते, हे उन्हाळ्यात भेगाळलेले रान पाहणाऱ्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण तीच माती कुंडीत भरली की तिचा स्वभाव सगळे विसरतात. ताण दिलेल्या कुंडीत माती कडेपासून सुटते, करंगळी जाईल एवढी फट पडते आणि वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट तळाच्या थाळीत उतरते. तुरीवर काम करणाऱ्या एका मुलीला ताणानंतर पाणी दिल्यावर झाड किती लवकर सावरते, हे पाहायचे होते. ती रोज थाळीसकट कुंडीचे वजन करायची, वजन ठरल्याप्रमाणे भरायचे, वहीतल्या नोंदीही नेटक्या होत्या. झाडे मात्र माना टाकूनच होती. "सर, हा वाण पुन्हा उभारीच घेत नाही," असे तिने मला सांगितले आणि तसे लिहूनही ठेवले होते. मी एक कुंडी उपडी केली. मातीचा गोळा अख्खा बाहेर आला. कडेने बोटभर चिखल होता आणि आत मुळांभोवतीची माती नांगरटीतल्या ढेकळासारखी कोरडीठाक होती. वाणाचा काही दोष नव्हता, त्याला पाणी मिळालेच नव्हते.

तेव्हापासून माझ्याकडे थाळी काढल्याशिवाय वजन करायचे नाही, असा दंडक आहे. फट मी त्याच मातीच्या चाळलेल्या भुग्याने बुजवतो आणि पाणी एकदम न ओतता अर्ध्या-अर्ध्या तासाने तीन-चार वेळा देतो. त्यात सकाळ जाते, हे मान्य आहे. ज्यांना ती घालवायची नसते, ते छोट्या कुंडीत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरण्याची परवानगी मागतात. छोट्या कुंडीतले झाड चार दिवसांत सुकते, तर रब्बी ज्वारी खोल काळ्या रानात साठलेल्या ओलीवर कित्येक आठवडे काढते आणि तेवढ्या काळात मुळे खाली नेते. त्या दोन ताणांना एकच नाव देणे मला तरी पटत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, म्हणून ती सांगताना जरा संकोच वाटतो. सुरुवातीच्या काळात मी पाणी दिलेल्या सगळ्या कुंड्या पॉलीहाऊसच्या एका टोकाला आणि ताणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्या, कारण पाणी देणे सोपे जात होते. एका टोकाला ओले कूलिंग पॅड आणि दुसऱ्या टोकाला एक्झॉस्ट पंखे होते. हवा पॅडकडून पंख्याकडे जाताना तापत जाते. एप्रिलमधल्या एका दुपारी दोन्हीकडे थर्मामीटर टांगले, तेव्हा पाच अंशांचा फरक निघाला आणि मी मोजलेला अर्धा 'ताण' पंख्याजवळच्या उन्हाळ्याचा होता, हे कळले. दिल्लीच्या नानाजी देशमुख वनस्पती फिनॉमिक्स केंद्रात, म्हणजे झाडांची वाढ आणि गुणधर्म यंत्रांनी मोजणाऱ्या केंद्रात, कुंड्या पट्ट्यावरून आपोआप फिरतात. आपल्याकडे त्या हातानेच फिरवाव्या लागतात. चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा आणि दर आठवड्याला बदला.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. पानातील सापेक्ष जलांश (पान पूर्ण भिजल्यावर मावेल त्या पाण्याच्या तुलनेत आत्ता किती पाणी आहे) काढायचा असेल, तर तोडलेले पान लगेच बंद पिशवीत आणि थंड डब्यात ठेवावे. खिशात घालून आणलेल्या पानाचे ताजे वजन ताजे नसते. क्लोरोफिल फ्लुरोसन्स (पानातील हरितद्रव्य परत फेकते तो मंद प्रकाश) मोजण्यापूर्वी पानाला क्लिप लावून ते वीस ते तीस मिनिटे अंधारात ठेवावे. निरोगी पानात प्रकाश वापरण्याची कमाल कार्यक्षमता (Fv/Fm) 0.83 च्या आसपास येते, त्यामुळे पाणी दिलेल्या झाडातच 0.6 आले, तर आधी क्लिप तपासावी. पानाचा हिरवेपणा मोजणारे स्पॅड मीटर पानाच्या मधल्या शिरेवर लावू नये. ढग येत-जात असताना पानांचे तापमान टिपणारा थर्मल कॅमेरा पेटीतच राहू द्यावा.

यंत्राची पाळी मात्र पेरणीपूर्वीच नोंदवावी, पीक उभे राहिल्यावर नाही. गेल्या हंगामात एकजण फुलोऱ्यातली मोजमापे घ्यायची म्हणून धावत आला, तेव्हा त्याच्या ज्वारीच्या कणसांत दाणे भरत आले होते.