४.३ तारे, पण कशाला?

ऑनलाइन बाजारात एकाच पानावर दोन-तीन वेगळी रेटिंग असतात आणि बहुतेक गिऱ्हाइकं ती एकच धरून चालतात. वस्तूच्या नावाखालचे तारे वस्तूचे. 'सोल्ड बाय'पुढच्या नावावर टिचकी मारल्यावर दिसतात ते विक्रेत्याचे. ॲमेझॉनवर तीच वस्तू पाच जण विकत असतील, तर पाचही जणांच्या मालावर तेच तारे दिसतात, मग त्यातला एखादा नकली माल का खपवत असेना. म्हणून मेमरी कार्ड, चार्जर, अत्तर, क्रीम असं ज्याची नक्कल सहज होते ते घेताना आधी विक्रेता बघायचा, मग वस्तू. मिक्सर, पडदे, चपला घेताना उलट.

वस्तूचे तारे

सरासरीचा आकडा वाचून थांबू नका. ॲमेझॉन सांगतं की त्यांचं रेटिंग ही साधी सरासरी नाही. परीक्षण किती ताजं आहे, खरेदी पडताळलेली आहे का, यावरून वजन कमी-जास्त होतं. म्हणजे तारे मोजून तुम्ही स्वतः भागाकार केलात तर उत्तर जुळेलच असं नाही.

आधी 'मोस्ट रीसेंट' लावा. मूळ क्रम 'टॉप' किंवा 'मोस्ट हेल्पफुल' असा असतो आणि त्यात दोन-तीन वर्षांपूर्वीची परीक्षणं वर येऊन बसतात. तोवर कंपनीने मोटर बदललेली असते, कापड पातळ झालेलं असतं. मग तीन ताऱ्यांची परीक्षणं उघडा. पाच तारे बरेचदा पार्सल हातात पडल्याच्या आनंदात दिलेले असतात: "पॅकिंग मस्त, वेळेत आलं." एक तारा रागात दिलेला असतो. तीन तारे देणाऱ्याने वस्तू वापरलेली असते आणि त्याला सांगायचं काहीतरी असतं.

७५० वॉटच्या मिक्सरचं उदाहरण घ्या. पाच ताऱ्यांत "रंग छान, आई खूश". तीन ताऱ्यांत "चटणीचं भांडं तिसऱ्या महिन्यात खालून गळायला लागलं", "कप्लर (भांडं मोटरला जोडणारा तुकडा) झिजला, सर्व्हिस सेंटर तालुक्याला नाही". दुसऱ्या प्रकारची दोन वाक्यं पहिल्या प्रकारच्या दोनशेंपेक्षा कामाची. परीक्षणांतल्या शोधपट्टीत 'कप्लर', 'गळती', 'वॉरंटी', 'सहा महिने' असे शब्द टाका. इंग्रजी आणि हिंदी शब्दही टाकून बघा, कारण आपल्याकडची बरीच परीक्षणं मिसळीच्या भाषेत असतात.

एका ताऱ्याची वीसेक परीक्षणं वाचून मनातल्या मनात तीन ढीग करा: डिलिव्हरीची तक्रार, माप-रंगाचा गैरसमज, वस्तूच बिघडली. पहिले दोन ढीग बाजूला ठेवा. तिसऱ्यात एकाच भागाचं नाव चार-पाच वेळा आलं, तर तो त्या वस्तूचा जन्मजात दोष समजा. वेगवेगळ्या तक्रारी विखुरलेल्या असतील तर चालतं. हजारात काही नग खराब निघणारच.

आणखी एक पाहायचं: परीक्षण कोणत्या प्रकाराबद्दल आहे. रंग, माप, क्षमता असे सगळे प्रकार एकाच पानाखाली जोडलेले असतात. १ लिटरच्या कुकरची स्तुती वाचून तुम्ही ५ लिटरचा मागवता आणि दोन्हींचं झाकण वेगळं असतं. प्रत्येक परीक्षणावर बारीक अक्षरांत रंग-माप लिहिलेलं असतं, ते वाचा.

विक्रेत्याचे तारे

ॲमेझॉनवर विक्रेत्याच्या पानावर ३० दिवस, ९० दिवस, १२ महिने आणि एकूण असे वेगळे आकडे मिळतात. चार-पाच तारे म्हणजे चांगला शेरा, तीन म्हणजे मधला, एक-दोन म्हणजे वाईट. एकूण ९५ टक्के आणि शेवटच्या ३० दिवसांत ७० टक्के दिसलं, तर घेऊ नका: माल बदलला असेल, धंदा आवरता घेत असतील किंवा खातं दुसऱ्याच्या हातात गेलं असेल. काही वाईट शेऱ्यांवर रेघ मारलेली दिसते. माल ॲमेझॉनच्या गोदामातून गेला असेल आणि तक्रार पोहोचवण्याबद्दल असेल, तर कंपनी ती स्वतःवर घेते आणि विक्रेत्याच्या टक्केवारीतून वगळते. ते योग्यच आहे. पण रेघ मारलेला मजकूरही वाचा, कधी कधी त्यात नकली मालाचाही उल्लेख असतो.

टक्केवारी किती जणांच्या शेऱ्यांवर उभी आहे, हे बघितल्याशिवाय तिला अर्थ नाही. सोपा हिशेब: चांगल्या शेऱ्यांत १ मिळवा, एकूण शेऱ्यांत २ मिळवा, मग भागा. ९ पैकी ९ चांगले असतील तर १० भागिले ११, म्हणजे ९१ टक्के. ५०० पैकी ४७० असतील तर ४७१ भागिले ५०२, म्हणजे जवळपास ९४ टक्के. '१०० टक्के'वाला खाली गेला. २ पैकी २ वाल्याचे तर ७५ होतात.

थेट घाऊक खरेदी किंवा इन्स्टाग्रामवरच्या दुकानातून मोठी खरेदी असेल, तर जीएसटी क्रमांक मागा आणि जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका. नाव, राज्य, नोंदणीची तारीख दिसते. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. "दहा वर्षांचा विश्वास" म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या महिन्यातली निघाली की पुढे विचारायची गरज राहत नाही. मात्र क्रमांक नाही म्हणजे लबाड, असंही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीची मर्यादा न ओलांडलेल्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी क्रमांकाशिवायही आपल्या राज्यापुरता माल ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या पोर्टलवरून विकता येतो.

विकतची स्तुती

'व्हेरिफाइड पर्चेस' किंवा 'सर्टिफाइड बायर' या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की वस्तू त्या पोर्टलवरून विकत घेतली गेली. मत स्वतःचं आहे, याची हमी त्यात नाही. टेलिग्रामच्या गटांत चालणारा प्रकार असा: तुम्ही वस्तू स्वतःच्या पैशाने मागवायची, पाच तारे द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा, मग मध्यस्थ पैसे परत करतो. शिक्का खरा, मत विकत घेतलेलं. (बरेचदा मध्यस्थ पैसेही परत करत नाही आणि तक्रार कुठे करणार, तुम्हीही त्यात सामील.) डब्यातून निघणारं "५ तारे द्या, १०० रुपये मिळवा" हे कार्ड त्याच जातीचं. ते दिसलं की त्या वस्तूच्या सगळ्याच ताऱ्यांवरून विश्वास काढून घ्या.

खोटी परीक्षणं ओळखायला भाषेपेक्षा तारखा जास्त उपयोगी. आता यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूरही सफाईदार असतो. पण महिनाभर शांतता आणि मग चार दिवसांत साठ परीक्षणं, हे लपत नाही. परीक्षकाच्या नावावर टिचकी मारा: एकाच आठवड्यात अनोळखी ब्रँडचे इअरफोन, ट्रिमर, तवा, सगळ्यांना पाच तारे, तर तो गिऱ्हाईक नव्हे. आणि किटलीच्या पानावर जुन्या परीक्षणांत मोबाइल कव्हरचे फोटो दिसले, तर जुनं पान उचलून त्यावर नवी वस्तू चिकटवली आहे.

"हॉटेलांना रेटिंग द्या, रोज कमवा" असा संदेश आला तर त्याचा परीक्षणांशी काही संबंध नाही. सुरुवातीला शे-दीडशे रुपये देऊन नंतर 'प्रीपेड टास्क'च्या नावाखाली हजारो काढून घेतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

गिऱ्हाइकाचं रेटिंग

ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर विक्रेत्याला गिऱ्हाइकाचे तारे दिसत नाहीत. ईबेवर दिसतात, पण ते वाचायची पद्धत वेगळी. पूर्वी दोघेही एकमेकांना वाईट शेरा देऊ शकत; गिऱ्हाइकाने तक्रार केली की विक्रेता सूड म्हणून उलटा शेरा द्यायचा, म्हणून लोक गप्प बसत. २००८ पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकाला फक्त चांगलाच शेरा देता येतो. त्यामुळे इथून ईबेवर परदेशात माल विकणाऱ्याने समोरच्याच्या चांगल्या शेऱ्यांचा आकडा '२५०' पाहून निर्धास्त होऊ नये. तो माणूस जुना आहे, एवढंच त्यातून कळतं. प्रामाणिकपणा कळत नाही. त्याऐवजी सेटिंगमध्ये तत्काळ पैसे भरण्याची अट लावा, पैसे बुडवण्याची नोंद असलेल्यांना अडवा, महाग माल असेल तर पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा, ज्यात वस्तूचा क्रमांक आणि पार्सलचं लेबल एकाच फ्रेममध्ये येईल.

ओएलएक्ससारख्या ठिकाणी, जिथे दोन अनोळखी माणसं थेट व्यवहार करतात, तिथे ताऱ्यांवर विसंबू नका. भेटून वस्तू चालवून बघा, मग पैसे द्या. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. "क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील" म्हणणारा पैसे काढणार आहे.

फसलात तर

पान बदलायच्या आत स्क्रीनशॉट काढा: वस्तूचं पान, परीक्षणं, विक्रेत्याचं नाव-पत्ता, ऑर्डर क्रमांक, बिल. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचं भासवून परीक्षण लिहिणं निषिद्ध आहे. भारतीय मानक ब्युरोचं परीक्षणांसाठीचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे, पण ते ऐच्छिक स्वरूपात आलं, त्यामुळे तक्रारीत भर नियमांवर द्या. पोर्टलच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. तिथे काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही.