पहिला ऑडिओग्राम नीट घ्या: एएफआयएच करणाऱ्या डॉक्टरांसाठी

एएफआयएच (असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ) हा एमबीबीएसनंतरचा, कामगारांच्या आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम. मुंबईत तो शीवच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये होतो. तेवढ्या काळात ऑडिओमेट्रीवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीवर, हात बसवून घ्याच. आवाजाने गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि पहिलाच ऑडिओग्राम (या चाचणीचा आलेख) चुकला तर पुढे कामगाराची बाजू लंगडी पडते.

इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. पाळी सुटल्या सुटल्या कामगाराला तपासायला बसवलं, तर कानाचा तात्पुरता थकवा ऑडिओग्रामवर उतरतो. तोच 'मूळ' म्हणून फाइलला लागला, की काही वर्षांनी खरी हानी झालेली असूनही फरक किरकोळ दिसतो. म्हणून चाचणीआधी किमान १४ तास गोंगाट नको. साप्ताहिक सुट्टीनंतर, कामावर चढण्याआधीची वेळ उत्तम. गणपतीचे दिवस असतील तर ढोल-ताशा पथकात वाजवतो का, हेही विचारा; कानाला तो गोंगाटच.

आधी ओटोस्कोपने कान पाहा. मळाने कान बंद असेल तर तो काढल्याशिवाय चाचणी नको. हेडफोनचा लाल भाग उजव्या कानावर, निळा डाव्यावर; चष्मा, डूल काढायला सांगा. चांगल्या कानापासून, १००० हर्ट्‌झला सुरुवात करा. ऐकू आलं की १० डेसिबल खाली, नाही आलं की ५ वर. वर चढताना ज्या सर्वांत कमी पातळीला निम्म्या वेळा तरी प्रतिसाद मिळतो, तो उंबरठा. मग २०००, ३०००, ४०००, ६०००, ८०००. पुन्हा १००० तपासून शेवटी ५००. दोन्ही वेळच्या १००० मध्ये १० किंवा जास्त डेसिबलचा फरक पडला तर कामगाराला पुन्हा समजावून सांगा आणि पुन्हा घ्या. स्वर ठरावीक तालात सोडू नका, माणूस अंदाजाने बटण दाबू लागतो.

सगळ्यांचेच ५०० हर्ट्‌झचे आकडे वाईट येत असतील, तर आधी खोली तपासा: पंखा, एसी, भिंतीपलीकडचा कॉम्प्रेसर.

आवाजाने झालेली हानी बहुधा दोन्ही कानांत, ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्‌झच्या आसपासच्या खाचेसारखी दिसते. एकाच कानात असेल तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडे पाठवा. पुढच्या वर्षी २०००, ३००० आणि ४००० ची सरासरी मूळ ऑडिओग्रामपेक्षा १० डेसिबलने घसरली, तर विश्रांतीनंतर चाचणी पुन्हा घ्या. घसरण कायम राहिली तर इअरप्लग कानात नीट बसतो का, हे त्याच्या मागाजवळ जाऊन पाहा. आवाजाने आलेला बहिरेपणा कायद्याने कळवायचा आजार आहे. निदान झालं की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला लेखी कळवा आणि प्रत कामगाराच्या फाइलला लावा.