नवी सिस्टिम आणताय? आधी लाल शाईतल्या नोंदी वाचा

एका सहकारी बँकेच्या शाखा लेजरवरून, म्हणजे हाती लिहिलेल्या खातेवह्यांवरून, संगणकावर नेताना मी डेटा जुळवायच्या कामावर होतो. खाते क्रमांक, शिल्लक, व्याजदर सगळं चढलं. ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंचा ताळा, पैशापर्यंत जुळला, पेढेही वाटून झाले. तिसऱ्या दिवशी काउंटरवरच्या नव्या मुलाने एका खातेदाराला पैसे दिले आणि संध्याकाळी गोंधळ उडाला. त्या खात्यावर कोर्टाची जप्ती होती. आदेशाची नोंद लेजरच्या समासात लाल शाईने केलेली होती. नव्या सॉफ्टवेअरमध्ये खातं गोठवायची सोय होती, पण समासातलं कुणी चढवायचं हे कामाच्या यादीत कुठेच नव्हतं. हेडक्लार्क शांतपणे म्हणाले, "अहो, मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

अशा प्रकल्पांत संगणक क्वचितच आडवा येतो. आपलं काम रोज नेमकं कसं चालतं हे संस्थेला स्वतःलाच पुरतं माहीत नसतं, आणि ते नेमकं बदलाच्या दिवशी उघडं पडतं.

जाणकारांना आधीच निरोप देणे

ही सगळ्यांत महाग चूक. कॅनडाच्या केंद्र सरकारने कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी फिनिक्स नावाची सिस्टिम आणली. सुमारे 2,90,000 कर्मचारी आणि पगाराचे 80,000 हून जास्त नियम. पाळीचा भत्ता, बदली पद, मागील थकबाकी असली सगळी गुंतागुंत. वेगवेगळ्या खात्यांत बसून हे सोडवणाऱ्या सुमारे 1,200 पगार सल्लागारांची पदं 2014 ते 2016 दरम्यान रद्द झाली. त्यांच्या जागी न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी गावात नवं केंद्र उघडून तिथे 460 सल्लागार बसवले. बचत आधी मोजली होती, वर्षाला 7 कोटी डॉलर.

पैशाचं गणितही तसंच. सिस्टिम बनवणाऱ्या आयबीएमने 2012 मध्ये सांगितलं की खर्च 27.4 कोटी डॉलर येईल. मंजूर होते 15.5 कोटी. जास्त पैसे मागायला वर जावं लागलं असतं, म्हणून काम छाटायचं ठरलं. ठरलेल्या 984 कामांपैकी शंभराहून अधिक वगळली किंवा पुढे ढकलली. त्यात थकबाकीचा हिशेबसुद्धा होता. एका विभागात आधी करून पाहायची चाचणीही रद्द केली. फेब्रुवारी 2016 मध्ये सिस्टिम सुरू झाली आणि कुणाला पगारच नाही, कुणाला कमी, कुणाला जास्त असं चालू झालं. महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी 2018 च्या अहवालात याला अनाकलनीय अपयश म्हटलं. मला त्यात अनाकलनीय काही वाटत नाही. ज्यांना लाल शाई वाचता येत होती, ती माणसंच घरी गेली होती.

तेव्हा एकच करा. जुन्या माणसाला नवी सिस्टिम सुरू झाल्यावर निदान एक पूर्ण वर्ष ठेवा, कारण मार्चअखेर वर्षातून एकदाच येते. निवृत्तीला आला असेल तर मुदतवाढ द्या. सल्लागार कंपनीच्या बिलापुढे तो खर्च काहीच नाही.

"आमचं वेगळं आहे"

याची दुसरी बाजूही आहे. प्रत्येक जुनी सवय म्हणजे नियम नव्हे. लिडल या जर्मन किराणा साखळीने 2011 मध्ये एसएपी या कंपनीच्या व्यवसाय सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम सुरू केलं. लिडल मालाचा साठा खरेदी किमतीवर मोजत असे, सॉफ्टवेअरची मूळ पद्धत विक्री किमतीची. लिडलने आपली पद्धत सोडली नाही आणि सॉफ्टवेअर वाकवत राहिले. 2018 मध्ये प्रकल्प गुंडाळला तेव्हा सुमारे 50 कोटी युरो गेल्याच्या बातम्या आल्या. आमच्याकडेही "आमच्या शाखेची पद्धत वेगळी" म्हणणाऱ्यांना खोदून विचारलं की बऱ्याचदा उत्तर मिळे, आधीच्या साहेबांनी सुरू केलं होतं. बदलाची प्रत्येक मागणी आली की विचारा: कुठल्या कायद्यात आहे, कुठल्या परिपत्रकात आहे? कागद निघाला नाही तर सवय बदला.

सगळं एकाच शनिवार-रविवारी

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल 2018 मध्ये सुमारे 52 लाख ग्राहकांची खाती एका वीकएंडला नव्या यंत्रणेवर नेली. डेटा सेंटर दोन होती, भार सोसण्याची चाचणी एकावरच झाली होती. 19 लाखांपर्यंत ग्राहकांना ऑनलाइन खातं उघडता येईना. पुढे दंड झाला 4.865 कोटी पौंड. शाखा टप्प्याटप्प्याने घ्या, आणि पहिली शाखा सर्वांत सोपी नको, सर्वांत वाकडी घ्या.

सुरू झालं, आणि आता गडबड आहे?

कर्मचारी गुपचूप एक्सेल किंवा वही ठेवू लागले असतील तर रागावू नका. ती वही मागून घ्या आणि वाचा. सॉफ्टवेअरमध्ये काय राहून गेलं त्याची फुकट यादी आहे ती. हेल्पडेस्कवर तक्रारी एकदम थांबल्या तर खूश होण्याआधी शाखेत जाऊन बसा. बहुतेक वेळा लोकांनी फोन करणंच सोडलेलं असतं.

आणि पहिल्या व्याज आकारणीच्या आदल्या दिवशी दहा खात्यांचं व्याज हातानं काढून पाहा: एक संयुक्त, एक अल्पवयीन मुलाचं, एक मयत खातेदाराचं, एक ज्येष्ठ नागरिकाची ठेव, एक मुदतीआधी मोडलेली ठेव, एक थकीत कर्ज, एक कोर्टाच्या आदेशाखालचं. उरलेली तीन हेडक्लार्कला निवडू द्या. दहाही जुळली तर घरी जाऊन झोपा. एक जरी चुकलं तर व्याज लावू नका, चेअरमनसाहेबांचा फोन आला तरी.